आजोबांचं कंबाइन रंधा मशीन: 1981 चं बिल 6,400 रुपयांचं, आज किंमत किती धरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात कसबा बावड्यात घरामागच्या शेडमध्ये आजोबांचं 12 इंची कंबाइन रंधा मशीन वीसेक वर्षं बंद पडून आहे. मधे रंधा, एका बाजूला गोल करवत, दुसऱ्या टोकाला ड्रिल चक आणि मॉर्टाइज (सांध्याची खाच) मारायचं सरकतं टेबल. कंपनीची पट्टी गेलेली, मोटर जळालेली. कागदांत डिसेंबर 1981 चं 6,400 रुपयांचं बिल सापडलं. भंगारवाला साडेतीनशे किलो वजन धरून 12 हजार द्यायला तयार आहे. त्यात अमेरिकेतल्या जुन्या मल्टिपर्पज मशीनच्या डॉलरमधल्या किमती वाचून गोंधळ वाढला. तर आज याची किंमत किती, आणि दुरुस्त करावं की विकावं?

दोन्ही प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न आहे: शेडमधली ही वस्तू अजून मशीन आहे, की नुसतं बीड (ओतीव लोखंड) उरलं आहे? भंगारवाल्याने त्याचं उत्तर देऊन टाकलंय. 12 हजार भागिले 350 म्हणजे किलोला 34 रुपये. त्याने फक्त बिडाचं वजन बघितलं. तुम्हाला मशीन बघायचं आहे. त्यासाठी बिलापेक्षा टॉर्च, गुण्या आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) जास्त उपयोगी पडेल. पण बिलाचा विषय तुम्ही काढलाय, तर आधी तोच संपवू.

रुपया किती घसरला ते काढायला आयकर खात्याचा भांडवली नफ्यासाठीचा महागाई निर्देशांक सोपा पडतो. जुन्या मालिकेत 1981-82 साठी 100 आणि 2016-17 साठी 1125 होता. म्हणजे 6,400 चे 72,000 झाले. नव्या मालिकेत 2016-17 ला 264 आणि 2024-25 ला 363. त्या प्रमाणात 72,000 चे 99,000 होतात. आजोबांनी तेव्हा आजच्या लाखभर रुपयांइतका पैसा एका मशीनमध्ये घातला, एवढं यातून कळतं. ही मोठी गोष्ट आहे आणि ते बिल जपून ठेवा. पण त्यावरून आजचं गिऱ्हाईक लाख देईल असं धरू नका. तेव्हा दार, चौकट, पलंग, सगळं अख्ख्या लाकडातून निघायचं आणि रंध्याशिवाय सुताराचं पान हलत नव्हतं. आता निम्म्याहून जास्त फर्निचर प्लायवूडचं. प्लायला रंधा लागत नाही. म्हणून या मशीनचं गिऱ्हाईक आज ठरावीक आहे: चौकटीवाला, जुनं सागवान उतरवून परत वापरणारा, आणि आपल्याकडे खास करून फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात ते नमुने) करणारा.

बिलात आणखी एक ओळ शोधा: ‘विदाउट मोटर’ असं काही लिहिलंय का? त्या काळी मशीनचा भाव बहुतेक वेळा मोटर, स्टार्टर, करवतीचं पातं आणि वाहतूक सोडून सांगत. आजही पुष्कळ कोटेशन तशीच येतात. मोटर नसलेला जुना भाव आणि मोटरसकटचा नवा भाव शेजारी ठेवला तर सगळी तुलनाच फसते.

(ज्यांच्याकडच्या बिलावर तारीख फाटलेली असेल त्यांच्यासाठी: रक्कम रुपये-आणे-पै अशी असेल तर बिल बहुधा एप्रिल 1957 च्या आधीचं. लेटरहेडवर सहा आकडी पिन कोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. मशीनवरचे बोल्ट इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या) आट्यांचे असतील तर आराखडा जुना आहे, मग बनावट कधीचीही असो.)

आता डॉलरचं. तुम्ही जे वाचलं ते शॉपस्मिथबद्दल असणार. हान्स गोल्डश्मिट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ते मशीन काढलं. दोन नळ्यांवर सरकणारं एकच हेड, त्यातून करवत, लेथ, उभं ड्रिल, आडवं ड्रिल आणि सँडिंग डिस्क अशी पाच कामं. 1940 च्या दशकाच्या शेवटी किंमत सुमारे 170 डॉलर, तीही मोटर सोडून. लोक याला आजच्या डॉलरच्या भावाने गुणतात आणि 14-15 हजार रुपये सांगतात. हे गणित दोन्हीकडून चुकीचं. सप्टेंबर 1949 पर्यंत डॉलर 3 रुपये 30 पैशांच्या आसपास होता, म्हणजे तेव्हाचे साडेपाचशे-पावणेसहाशे रुपये, वर बोटीचं भाडं आणि जकात. पुढे जून 1966 पर्यंत डॉलर 4.76 ला, त्यानंतर साडेसात रुपयांना. ब्रिटिश कॅटलॉग पौंडात असेल तर 1966 च्या अवमूल्यनापर्यंत पौंडाला 13.33 रुपये धरा. आधी त्या साली रुपयात आणायचं, मग रुपया आजपर्यंत आणायचा. हाच क्रम.

तरीही शॉपस्मिथची किंमत तुमच्या मशीनला लावता येणार नाही. ते लेथच्या वंशातलं, घरच्या छंदासाठी केलेलं, त्यात रंधाच नव्हता. तुमचं रंध्याच्या वंशातलं, बिडाच्या भक्कम सांगाड्याचं, कारखान्यात दिवसभर चालायला केलेलं. 1957-58 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक बंधनं आली आणि अशी मशीन देशातच मोठ्या प्रमाणात बनू लागली. पंजाबात बटाला-लुधियानाकडे आणि गुजरातेत राजकोटकडे आजही बनतात. त्यामुळे कंपनीची पट्टी नसली म्हणून बिघडत नाही. या आराखड्यांत नावापेक्षा घडण महत्त्वाची.

आता मशीनकडे. मोटरचा पट्टा काढून ठेवा, म्हणजे वायर चुकून जोडलेली असली तरी काही फिरणार नाही.

सगळ्यात आधी ब्लॉक बघा, म्हणजे ज्यात रंध्याची पाती बसतात तो रूळ. रंध्याची ब्लॉकच्या पुढची आणि मागची अशी दोन्ही टेबलं मागे सरकवा आणि टोकाकडून टॉर्च मारा. ब्लॉक गोल आहे की चौकोनी? यावर जवळजवळ सगळा निर्णय उभा आहे. चौकोनी ब्लॉकवर पाती वरून बोल्टने आवळलेली असतात. त्याचे कोपरे बाहेर आणि बाजू आत, त्यामुळे फिरताना पात्यासमोर मोठा खड्डा तयार होतो. हात घसरला तर बोट त्या खड्ड्यात ओढलं जातं आणि पेरंच्या पेरं जातात. गोल ब्लॉकमध्ये पातं जेमतेम एक मिलिमीटर बाहेर असतं. इजा होते, पण ती बहुतेक कातडी-मांसापुरती राहते. हाताने लाकूड सारायच्या रंध्यावर गोल ब्लॉकच हवा, असं ब्रिटनमध्ये 1922 च्या नियमांनी ठरवलं आणि आपल्या कारखाना नियमांतही तेच आलं. तरी चौकोनी ब्लॉकची मशीन आपल्याकडे बरीच वर्षं फिरत राहिली. तुमचा ब्लॉक चौकोनी निघाला तर तो बदलल्याशिवाय मशीन चालू करू नका, आणि तसंच दुसऱ्यालाही विकू नका. यात परिस्थितीनुसार मत बदलावं असं मला काहीही वाटत नाही.

बदलायचा तर शक्यतो मशीन बनवणाऱ्यांकडचा तयार ब्लॉक घ्या. माप जुळत नसेल तर शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून मिळेल, पण ‘असाच एक करून द्या’ म्हणून जुना ब्लॉक टेबलावर ठेवून येऊ नका. चित्र काढून न्या. त्यात या गोष्टी हव्यात: पात्याच्या टोकाने होणाऱ्या वर्तुळाचा व्यास, बेअरिंगच्या जागी शाफ्टचा व्यास आणि लांबी, पुलीच्या बाजूची चावी, करवतीच्या बाजूच्या आट्यांची दिशा. ही शेवटची बाब हमखास राहून जाते. करवतीचं नट फिरण्याच्या उलट दिशेने आवळलं गेलं पाहिजे, नाहीतर काम करता करता सैल होतं. ब्लॉक आणि शाफ्ट एकाच ईएन-8 किंवा ईएन-9 जातीच्या पोलादी गजातून, पाती पाचरीने धरलेली. जोड देऊन वेल्डिंग केलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी नको. मिनिटाला चार हजारांवर फेरे होतात, तिथे वेल्डिंगच्या भरवशावर राहायचं नाही.

ब्लॉक झाला की पाती आणि पाचरी बसवून डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरवून तोल जुळवणं) करून घ्या. पुढे पाती धार लावून आली की दर वेळी वजन जुळवायचं. समोरासमोरच्या पात्यांत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. किराण्याच्या वजनकाट्यावर हे कळत नाही. गुजरीतल्या एखाद्या सोनाराकडे दोन मिनिटं काटा मागा. जड निघेल त्या पात्याची पाठ घासायची, धारेकडून नाही.

दुसरं, बेअरिंग. ब्लॉक हाताने हळू फिरवा. घरघर किंवा खडखड जाणवली तर बेअरिंग गेली. वीस वर्षं पडून असलेल्या मशीनमध्ये ग्रीस घट्ट होऊन वाळलेलं असतं, म्हणून मी ती तशीही बदलतोच. इथे कोल्हापुरात रोज होणारी चूक सांगतो. जुना शाफ्ट एक इंचाचा, म्हणजे 25.4 मिमी. दुकानात नुसतं ‘205 द्या’ म्हटलं की यूसी 205 मिळतं, ते 25 मिमीचं. बसत नाही म्हटल्यावर कोणीतरी शाफ्टला पॉलिश पेपर लावतं. शाफ्ट एकसारखा उतरत नाही, लंबगोल होतो, आणि नवी बेअरिंग महिन्याभरात आवाज करू लागतात. इंची शाफ्टला यूसी 205-16 मागायचं. बेअरिंग डब्यात ठोकून बसवलेलं असेल तर एलजे-1 हा इंची नंबर आहे: आतून 1, बाहेरून सव्वादोन, रुंदी पाच अष्टमांश इंच. दुकानात जाण्याआधी व्हर्नियरने मोजा.

तिसरं, टेबलं. गंज बघून घाबरू नका. रॉकेल आणि बारीक एमरी पेपर, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून लांबीच्या दिशेने मारायचा. ग्राइंडरची डिस्क कृपा करून लावू नका. ती पाच मिनिटांत असे खड्डे पाडते की पुढे टेबल प्लेनरवर (धातू सपाट करायच्या मशीनवर) घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. साफ झालं की तीन फुटी चांगली सरळपट्टी लांबीला आणि दोन्ही तिरक्यांत ठेवून खाली फीलर घाला. 0.10 मिमी आत जात नसेल तर उत्तम. पाव मिमी जात असेल तरी टेबल लगेच मशीनिंगला पाठवू नका. बहुतेक वेळा बीड वाकलेलं नसतं, खालची तिरकी स्लाइड झिजून टेबलाने मान टाकलेली असते. स्लाइडच्या झिजलेल्या बाजूला पितळी शिम (पातळ पत्रा) घालून, जिब (स्लाइडमधला ढिलेपणा काढायची पट्टी) आवळून परत मोजा. तेवढ्यानेच बहुतेक मशीन जागेवर येतात. प्लेनरवर घ्यावंच लागलं तर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त काढू नये. खालच्या फासळ्यांवर पाठ आधीच पातळ असते, आणि जास्त काढलं की आतला ताण सुटून टेबल नव्याने वाकतं.

एखादा ब्रॅकेट किंवा हँडलचा कान तुटला असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण तुम्ही कोल्हापुरात आहात. दुसऱ्या गावात ज्यासाठी मशीन भंगारात जातं तो तुकडा इथे ओतून मिळतो. फक्त तुटलेला भाग जोडून तोच पॅटर्न म्हणून देऊ नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, फुटामागे एक अष्टमांश इंच. 300 मिमीचा ब्रॅकेट 297 चा येतो आणि भोकं जुळत नाहीत. पॅटर्नवाल्याला आकुंचनाची पट्टी (आकसण्याइतकी वाढीव मापं असलेली) लावून पॅटर्न करायला सांगा, आणि ज्या बाजूंचं मशीनिंग होणार तिथे 3 मिमी जादा. तडा असलेल्या सांगाड्याला निकेल रॉडने वेल्डिंग चालतं, आधी तापवून आणि नंतर राखेत किंवा चुन्यात हळू थंड करून. ब्लॉकला मात्र कधीच नाही.

हे सगळं ठीक निघालं तर वेगाकडे या. 1440 फेऱ्यांच्या मोटरवर 9 इंची पुली आणि ब्लॉकवर 3 इंची, म्हणजे 4,320 फेरे. रंध्याला हा वेग चांगला. वेग तोच ठेवून जागा वाचवायला काहीजण 6 आणि 2 इंचांच्या पुली घालतात. ए सेक्शनच्या (ए मापाच्या) व्ही-बेल्टला 3 इंचापेक्षा लहान पुलीवर वळणं जड जातं. तो घसरतो, तापतो आणि आतून चिरतो. जोर कमी पडतोय म्हणून मग मोटरला दोष दिला जातो.

पण त्याच शाफ्टवर करवतही आहे, आणि इथेच या मशीनची मूळ अडचण आहे: एकच वेग सगळ्या कामांना. 4,320 फेऱ्यांवर 10 इंची पात्याचा दात सेकंदाला 57 मीटर धावतो, 12 इंचीचा 69. दात काढलेल्या साध्या स्टीलच्या पात्याला 50 मीटरच्या आसपासचा वेग झेपतो. त्यापुढे ते ताण सोडून लटपटतं, चीर रुंद होते, लाकूड जळतं. आजोबांच्या वेळचं 12 इंची पातं भिंतीला टांगलेलं असेल तर ते तिथेच शोभून दिसू दे. कार्बाइड दातांचं 10 इंची घ्या, त्यावर छापलेले कमाल फेरे वाचून घ्या, आणि पात्याचं भोक 25.4 की 30 मिमी तेही बघा. ड्रिल चकलाही हाच वेग मिळतो. म्हणून मॉर्टाइजचं बिट अर्ध्या इंचापर्यंतच ठेवा आणि थोडं थोडं खोल जा.

एका शाफ्टचा दुसरा धोका असा की रंधा मारताना पलीकडे करवत आणि बिटही फिरत असतात. तुमचं लक्ष पात्यावर आणि कोपर करवतीकडे. जे काम चालू नाही त्याचं हत्यार काढून ठेवायचं. वेळ जातो, जाऊ दे. करवतीच्या मागे फाटा (चिरलेली फट उघडी ठेवणारी पट्टी) नसेल तर बसवून घ्या. चिरलेलं लाकूड मिटून पात्याला चिमटतं आणि मागे फेकलं जातं ते त्याच्याशिवाय अडत नाही.

जळालेली मोटर फेकू नका. जुन्या मोटरचा सांगाडा आणि शाफ्ट दणकट असतो. तांब्याच्या तारेनेच रिवाइंडिंग करून घ्या. 12 इंचाला थ्री फेज असेल तर 3 एचपी, घरचा सिंगल फेज असेल तर 2 एचपीवर भागवा आणि एका वेळी एक मिमीपेक्षा जास्त कापू नका. साधं चाकू स्विच असेल तर काढून डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर बसवा. लाइट गेली की त्याची कॉइल सुटते आणि लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही. चाकू स्विचवर ते होतं, आणि तेव्हा नेमकं कोणीतरी ब्लॉकमधला भुसा काढत असतं.

आता किंमत. मी असा हिशेब धरतो: तेवढ्याच मापाच्या नव्या मशीनचं आजचं कोटेशन, मोटर सोडून, त्याचा निम्मा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा. समजा कोटेशन 80 हजार आलं. निम्मे 40. ब्लॉक गोल आहे, टेबलं शिमवर आली, फक्त बेअरिंग, पाती, स्टार्टर आणि किरकोळ लेथकाम, मिळून समजा 18. उरले 22 हजार. भंगाराच्या 12 पेक्षा स्पष्ट जास्त, तेव्हा मशीन म्हणूनच विका, किंवा ठेवा. उलट ब्लॉक चौकोनी, एका टेबलाला आरपार तडा आणि स्लाइड खाल्लेली असेल, तर खर्च 35 पर्यंत जाऊन हातात 5 उरतील. मग भंगारवाल्याचा भाव वाईट नाही. फक्त चक, मॉर्टाइजचं टेबल आणि पुली आधी काढून घ्या. त्या सुट्या विकल्या जातात. चौकोनी ब्लॉक काढून वेगळा भंगारात द्या, म्हणजे तो परत कुणाच्या मशीनवर चढणार नाही.

स्वतः काम करणार असाल तर हे गणित थोडं बदलतं. वर्षाकाठी दोन-चार चौकटी करायच्या असतील तर दुरुस्ती वसूल होणार नाही, बाहेरून रंधा मारून आणणं स्वस्त. आठवड्यातून दोन दिवस जरी अख्ख्या लाकडाचं काम असेल तर हा बिडाचा सांगाडा आजच्या पत्र्याच्या हलक्या मशीनपेक्षा शांत आणि सरळ काम देईल.

दुरुस्तीनंतर पाती लावताना मागचं टेबल पात्याच्या सर्वात वरच्या बिंदूशी बरोबर एका पातळीत आणायचं. त्यासाठी सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर ठेवून ब्लॉकवर पुढे काढा, पेन्सिलने खूण करा आणि ब्लॉक हाताने एक फेरा फिरवा. पातं पट्टीला हलकेच धरून 3 मिमीभर पुढे नेईल. दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्याला तेवढंच यायला हवं. पट्टी हललीच नाही तर मागचं टेबल उंच आहे, लाकूड निमुळतं निघेल. फार पुढे गेली तर टेबल खाली आहे, मग फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडतो.

पहिल्यांदा चालू करताना करवत काढलेली, टेबलावर लाकूड नाही, आणि ब्लॉकच्या रेषेत कोणी उभं नाही. दहा मिनिटं चालवून बंद करा आणि ब्लॉक पूर्ण थांबल्यावर बेअरिंगच्या डब्याला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग तिरकं बसलंय किंवा ग्रीस ठासून भरलंय. त्यानंतर पाचरीचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून मगच पहिली फळी सोडा.

ब्लॉक गोल आहे की चौकोनी, शाफ्टचं व्हर्नियरवरचं माप आणि टेबलाखाली फीलर किती गेला, एवढे तीन तपशील आधी कळवा. दुरुस्ती की भंगार हे त्यावरून नेमकं सांगता येईल. तोवर भंगारवाल्याकडून विसार घेऊ नका.